कोंडाजीदादांच्या सहीवर प्रश्नचिन्ह

"या वर्षी कागदाचा एक चिटोराही लागणार नाही!" संघर्ष जाधवने भर सभेत जाहीर केलं. "लॅपटॉप उघडायचा, तीन सह्या मारायच्या, अर्ज सरकारच्या दारात! हातातला चहा गार व्हायच्या आत!"

सभेला जमलेल्या सुपारीवाल्या बागायतदारांनी आपापल्या हातातल्या चहाकडे पाहिलं. तो केव्हाच गार झाला होता, कारण संघर्ष बराच वेळ बोलत होता.

संघर्ष हा दिवेआगरजवळच्या एका छोट्या बागायतदार संस्थेचा सचिव. माणूस कामाचा, प्रामाणिक, धावपळ करणारा. फक्त एकच खोड! एखादी गोष्ट थोडीशी कळली, की ती आपल्याला पूर्ण कळली असं त्याला वाटायचं. अनुदानाचे अर्ज आता ई-सहीने करायचे, मंजुरीचा आदेशही ई-मेलनेच येणार, असं सरकारने ठरवलं आणि त्यासाठी अलिबागला एक दिवसाचं प्रशिक्षण ठेवलं. संघर्ष तिथून प्रमाणपत्र घेऊन आला. त्याच्या बायकोने, रुचिताने, ते फ्रिजवर चिकटवलं. तेव्हापासून संघर्ष पाणी प्यायला उठला तरी फ्रिजसमोर दोन मिनिटं उभा राहायचा.

अनुदान होतं सुपारी सुकवायच्या शेडचं. ते गरजेचंच होतं. सोललेली, न सोललेली, सगळी सुपारी अंगणात उन्हाला पसरायची आणि वर आभाळाकडे बघत बसायचं, अशी गावाची रीत. गेल्या साली अवकाळी पाऊस आला तो नेमका सगळ्यांची अंगणं भरलेली असताना! सुपारी काळी पडली, बुरशी धरली. मैनामावशींनी तर आपली पोतीच्या पोती वाडीच्या कडेला खड्ड्यात ओतली आणि तिथेच पदर तोंडाला लावून बसून राहिल्या. त्यामुळे या वर्षी शेड झालीच पाहिजे, यावर गावात दोन मतं नव्हती. अर्जाची मुदत एकतीस मार्च, संध्याकाळी पाचपर्यंत.

"मग आजच करून टाक की," रुचिता वीस तारखेपासून म्हणत होती.

"अगं, वीस मिनिटांच्या कामाला वीस तारखेपासून बसू?" संघर्ष म्हणाला, आणि एकतीस तारखेला बसला.

सह्या तिघांच्या हव्या होत्या. आधी खजिनदार, मग अध्यक्ष, शेवटी सचिव. प्रत्येकाच्या आधारला जोडलेल्या मोबाइलवर सहा आकडी ओटीपी येणार, तो टाकला की सही झाली. खजिनदार होत्या मैनामावशी. संस्थेच्या त्या एका खोलीत, पोत्यांच्या थप्पीला टेकून त्या बसल्या होत्या. संघर्षने आपल्या मोबाइलचं नेट लॅपटॉपला जोडलं, तो मोबाइल खिडकीत उभा करून ठेवला (खोलीत नेटची रेंज तेवढ्या खिडकीतच होती), आणि ऐटीत बटण दाबलं.

मावशींचा फोन टुणकन वाजला.

"हां मावशी, सांगा नंबर."

मावशींनी फोन छातीशी घट्ट धरला. "न्हाय सांगत."

"म्हणजे?"

मावशींनी हनुवटीने समोरची भिंत दाखवली. तिथे लाल अक्षरांत पाटी होती : 'ओटीपी मागेल तो चोर! मग तो सख्खा भाऊ का असेना!' आणि खाली बारीक अक्षरांत, 'हुकुमावरून, सचिव'. गावातल्या एकाला फोनवरून फसवल्यावर ती पाटी संघर्षनेच रंगवून घेतली होती. एवढ्यावर न थांबता सगळ्या सभासदांना उभं करून, हात पुढे करायला लावून शपथही दिली होती!

"मावशी, ते चोरांसाठी आहे हो! मी चोर आहे का?"

"चोर काय कपाळावर लिवून येतो? तूच म्हणालास तवा, चोर वळखीचा आवाज काढून बोलतो."

"पण मी तुमच्या समोर बसलोय!"

"मग? आवाज वळखीचाच हाय की!"

संघर्षने कपाळाला हात लावला. तेवढ्यात ओटीपीची वेळ संपली. दुसरा मागवला. मावशी बधल्या नाहीत. शेवटी तोड निघाली ती अशी : ओटीपी मावशींनी स्वतः टाकायचा आणि संघर्षने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. मावशींनी सर्दीला वाफारा घेतात तसा डोक्यावरून पदर लॅपटॉपवर पांघरला आणि आत गेल्या. आतून एक एक बटण दाबल्याचा आवाज येऊ लागला. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग टक्.

"झालं का?"

"पाच कुठं लपलाय?"

"चारच्या शेजारी!"

"तुला कसं कळलं माझ्यात पाच हाय?" पदराआडून संशयी आवाज आला.

"मावशी, तुम्हीच आत्ता..." संघर्ष भिंतीला म्हणाला. भिंतीवर डोळ्यांसमोर त्याचीच पाटी होती.

चौथ्या खेपेला सही झाली. मावशी घामाघूम होऊन पदराबाहेर आल्या. जेवणाची वेळ टळून गेली होती.

मग अध्यक्ष आले, कोंडाजीदादा. पांढरंशुभ्र धोतर, करकरीत चपला, सत्तरी उलटली तरी ताठ कणा. गावातलं भांडण त्यांच्या खाकरण्याने मिटायचं. ते खुर्चीत बसले, संघर्षने बटण दाबलं आणि सगळे दादांच्या फोनकडे बघत राहिले. फोन गप्प!

"दादा, आधारला हाच नंबर जोडलाय ना?"

"आधार काढलं तवा माज्याकडं फोन कुठं व्हता? तिथला पोरगा म्हणाला, कुनाचा पन द्या. मी जावयाचा दिला."

"गणराजभाऊंचा? मग करा की त्यांना फोन, मेसेज त्यांच्याकडे गेलाय!"

दादांनी मान खिडकीकडे वळवली. "मी न्हाय करनार."

मैनामावशींनी संघर्षला डोळ्यांनी खुणावलं आणि हळूच सांगितलं. दिवाळीनंतर दादांच्या भाच्याच्या हळदीला मटणाचं जेवण होतं. गणराजच्या पानात नळी आली नाही. त्याने चारचौघांत विचारलं, "जावयाला रस्साच का?" त्यावर दादा म्हणाले, "नळी बसल्या जागी मिळते, उशिरा येनाऱ्याला न्हाय." तेव्हापासून सासरा-जावई बोलत नव्हते. मध्ये लेक रडून रडून अर्धी झाली होती!

"दादा, गावाच्या शेडचा प्रश्न आहे!"

"शेड गेली उडत! आदी त्यानं फोन करावा."

आता संघर्षनेच फोन करायला हवा. पण त्याचा फोन खिडकीत नेट पुरवत उभा, त्यावरून बोलायला गेलं की नेट जाणार. त्याने मावशींचा फोन मागितला. मावशींनी आधी मेसेज पुसले, मग दिला.

गणराज बंदरातून माल भरून गोवा रस्त्याने ट्रेलर घेऊन जायचा. त्या वेळी तो माणगावच्या पुढे रस्त्याकडेच्या टपरीवर चहाला थांबला होता. शेजारच्या बाकावर एक हवालदार वडापाव खात बसले होते. गणराजच्या फोनचा कानाजवळचा आवाज गेला असल्याने तो कायम स्पीकरवरच बोलायचा. आणि फोन आला अनोळखी नंबरवरून!

संघर्षला मात्र घड्याळ दिसत होतं, ओटीपीची मुदत दिसत होती आणि बाकी काहीच दिसत नव्हतं.

"गणराजभाऊ, नाव-गाव नंतर सांगतो, वेळ नाही! तुमच्या सासऱ्याच्या सुपारीचं काम आहे!"

टपरीवर हवालदारांचा घास तोंडाजवळ थांबला.

"सुपारी? कोन बोलतंय?"

"आजच उरकायचंय! पाचच्या आत! तुमच्याकडून फक्त आकडा पाहिजे!"

"कसला आकडा?"

"सहा आकडी! तुम्ही आकडा सांगितलात की इकडे लगेच काम झालं म्हणून समजा! मैनामावशीचं मघाशीच उरकलंय. आता तुमचा सासराच तेवढा राहिलाय. समोर खुर्चीत बसवून ठेवलाय!"

फोनमधून आधी एक खुर्ची का बाक पडल्याचा आवाज आला. मग एक भारदस्त आवाज आला, "कोण बोलतोय रे तू?" आणि फोन बंद झाला.

"काय म्हनाला?" दादांनी खिडकीकडे बघतच विचारलं.

"कळलं नाही. रेंज गेली बहुतेक."

पुन्हा लावला, तर गणराजचा फोन लागेचना. साडेतीन वाजले. चार वाजले. संघर्ष खोलीत येरझारा घालत होता, सरकारला, रेंजला, नळीला आणि मटणाला शिव्या देत होता. इतक्यात दादांचा फोन वाजला. अनोळखी नंबर. संघर्षने तो झडप घालून स्पीकरवर टाकला.

"कोंडाजी आपणच का? पोलीस बोलतोय. तुम्ही सुखरूप आहात ना?"

"सुखरूप कसला! मगाधरनं या पोरानं जीव घेतलाय!" दादा म्हणाले.

"घाबरू नका! कितीजण आहेत तिथं? हत्यार आहे का?"

दादांनी संघर्षकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "एकटाच हाय. ल्यापटाप हाय त्याच्याकडं."

"आणि मैना नावाच्या बाईंचं..." पलीकडचा आवाज हळवा झाला. "त्यांचं नक्की उरकलं का?"

"व्हय, उरकलं!" मैनामावशी पोत्यावरून ओरडल्या. "चार येळा करावं लागलं!"

पलीकडचा आवाज दचकला.

"कोण बोललं ते?"

"मैना!"

मग संघर्षने हात जोडून, फोनलाच नमस्कार करत, सुपारी म्हणजे झाडावरची सुपारी, काम म्हणजे अर्ज आणि सहा आकडी म्हणजे ओटीपी, हे सगळं पहिल्यापासून सांगितलं. हवालदारांना ते पटायला वेळ लागला. कारण त्यांनी गणराजला बाकावर बसवून फोन काढून घेतला होता, 'सासऱ्याशी तुझे संबंध कसे?' असं विचारलं होतं आणि गणराजने सरळ मनाने नळीचा सगळा किस्सा सांगून टाकला होता! वैर कबूल, सुपारी कानाने ऐकलेली, आणखी काय पुरावा लागतो?

"म्हणजे जावयावर तुमचा काही संशय नाही?" हवालदारांनी दादांना विचारलं.

दादा ताडकन उभे राहिले. "माज्या गणराजवर? अहो साहेब, लाखात एक पोर हाय ते! माजी लेक राणीवानी ठेवलीय त्यानं. तुमी त्याला बसवून ठेवलाय? उनात? काय खाल्लंय का त्यानं दुपारचं?"

फोनमधून नाक ओढल्याचा आवाज आला. "मामा, मी हितंच हाय. ऐकतोय."

"गणा!" दादांचा आवाज चिरकला. "चुकलं रं माजं. पुढच्या हळदीला सगळ्या नळ्या तुज्या!"

मैनामावशी डोळे पुसायला लागल्या. हवालदारांनी घसा खाकरला. त्या हळव्या क्षणी एकटा संघर्ष नव्या ओटीपीसाठी पुन्हा बटण दाबून, घड्याळाकडे बघत हातवारे करत होता. "ओटीपी! ओटीपी विचारा!"

"गणा, त्यो आकडा सांग बाबा या पोराला."

"एक मिनिट!" हवालदार मध्येच कडाडले. "ओटीपी कुणालाही सांगायचा नसतो!"

संघर्षला वाटलं, आता आपण इथेच मटकन खाली बसावं आणि समुद्र आत आला तरी उठू नये.

पण शेवटी हवालदारांनीच स्वतःच्या जबाबदारीवर, एक एक आकडा खणखणीत आवाजात, आरोपीला हजर करतात तसा हजर केला. दादांची सही झाली! संघर्षने स्वतःची सही एका दमात मारली. अर्ज गेला तेव्हा पाचला अगदी थोडा अवकाश होता. मावशींनी त्याच्यावरून मीठ-मोहरी ओवाळायची तेवढी बाकी ठेवली.

इथे थांबला असता तर बरं झालं असतं. पण उत्साहाच्या भरात संघर्षने अर्जाची एक छापील प्रत काढली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दादांच्या हातात दिली. "बघा दादा, तुमची ई-सही!"

दादांनी चष्मा लावला. दादांची सही ही गावात बघण्यासारखी गोष्ट होती. आधी 'को'चा काना मंदिराच्या खांबासारखा उभा राहायचा, मग 'जी'ची वेलांटी पूर्ण नावावरून मंडपासारखी पसरायची, खाली दोन रेघा आणि शेवटी एक जोरकस टिंब! कितीतरी लग्नपत्रिकांवर लोक मुद्दाम ती सही घ्यायचे. आणि इथे कागदावर होती चार ओळी बारीक इंग्रजी अक्षरं आणि त्यांच्यावर एक भलंमोठं पिवळं प्रश्नचिन्ह!

"हे काय?"

"ते... ते असतंच, दादा. म्हणजे सही अजून पडताळली नाही, असं म्हणतंय."

"माज्या सहीवर प्रश्नचिन्ह?" दादांचा आवाज चढला. वाडीतले दोन कावळे उडाले. "तीस वर्षांत कुनाची हिंमत झाली न्हाय! बँकेची न्हाय, कोर्टाची न्हाय! मी राजीनामा देतो!"

आणि त्यांनी तिथेच कागद मागवून राजीनामा लिहिला. खाली ती सही केली, खांब, मंडप, टिंबासकट!

संघर्ष रडकुंडीला आला. अध्यक्षच गेले तर अर्ज बाद! त्याने दादांना मोटारसायकलवर मागे बसवलं आणि थेट श्रीवर्धनच्या कार्यालयात नेलं. तिथल्या मानसी मॅडम अर्ज तपासायच्या. शांत बाई. त्यांनी दादांना खुर्ची दिली, राजीनामा वाचला, सही नीट न्याहाळली आणि म्हणाल्या, "आजोबा, सही सुरेख आहे. पण राजीनामा कागदावर चालत नाही आता. तोही ई-सहीनेच द्यावा लागतो."

दादा संघर्षकडे वळले. संघर्षने हवालदारांची आठवण काढून डोळे मिटले. दादांनी राजीनामा मुकाट्याने खिशात घातला.

"आणि हे प्रश्नचिन्ह तुमच्यावर नाही हो," मॅडमनी संगणक त्यांच्याकडे वळवला. "या यंत्राला तुमची ओळख पटवून द्यावी लागते, एवढंच. बघा." त्यांनी माऊस दोनदा टिचकावला. पिवळं प्रश्नचिन्ह गेलं आणि तिथे हिरवीगार बरोबरची खूण उमटली!

दादा खुर्चीत टेकले. छाती पुन्हा पुढे आली. "मैनेचं बी बघा." मैनामावशींचीही हिरवी खूण आली.

"आता सचिव," मॅडम म्हणाल्या. टिचकी. आणि लाल फुली!

"असं कसं?" संघर्ष पुढे वाकला.

"नाव जुळत नाही. आधारवर आहे 'संघर्ष'. संस्थेच्या ऑनलाइन नोंदणीत इंग्रजीत लिहिलंय... 'संगर्स'. ही नोंदणी कोणी केली?"

नोंदणी संघर्षनेच केली होती. अलिबागच्या प्रशिक्षणात, जेवणानंतरच्या तासात. पुरी आणि श्रीखंड होतं.

"दुरुस्ती करता येते," मॅडम म्हणाल्या. "ऑनलाइन अर्ज करायचा. त्यावर फक्त सचिवांची ई-सही लागते."

"सचिव मीच."

"हो, पण तुमची सही चालत नाही ना."

खोलीत पंखा फिरत राहिला. संघर्षला त्या पंख्याचा हेवा वाटला. निदान तो फिरून गार तरी करत होता.

मॅडमना दया आली असावी. त्यांनी नियमांची चोपडी उघडली, बरीच पानं उलटली आणि एक जागा बोटाने धरली. "अशा वेळी अध्यक्षांनी स्वहस्ते, शाईने लिहून दिलं की हा तोच इसम आहे, तर त्याचा फोटो जोडता येतो."

दादांनी सावकाश हात पुढे केला. "कागद द्या."

त्यांनी लिहायला घेतलं. मध्येच थांबून संघर्षकडे रोखून पाहिलं. "तू तोच ना?"

"दादा!"

"इचारलेलं बरं. तूच शिकवलायस."

लिहून झालं. खाली सही झाली. आज तिला विशेष बहर आला होता! मंडप समासाबाहेर गेला, टिंब कागदातून आरपार. संघर्षने मोबाइलने फोटो काढला आणि संगणकावर चढवला. संगणकाने फिरफिर फिरून लाल अक्षरांत काहीतरी लिहिलं.

"आता काय म्हनतंय?" दादांनी विचारलं.

"फाइल फार मोठी आहे म्हणतंय," संघर्ष मेल्या आवाजात म्हणाला.

दादांनी धोतराचा सोगा झटकला. "मोठी असनारच! सही कुनाची हाय?"

दादा मॅडमच्या चहाचं कौतुक करत होते, तेवढ्यात संघर्षने तो फोटो लहान केला. तरी मोठा. आणखी लहान केला. शेवटी ती सगळी सही, खांब आणि मंडप आणि टिंब, मुंगीने पाय आखडून बसावं एवढी झाली, तेव्हा कुठे सरकारने ती पोटात घेतली. पुढच्या आठवड्यात मंजुरीचा आदेश ई-मेलने आला, आणि पावसाआधी शेड उभी राहिली.

दादा अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, की माझी सही सरकारच्या संगणकात मावली नाही, त्यांना नवा संगणक आणावा लागला. संघर्ष शेजारी उभा राहून मान डोलावतो. खरं काय ते त्याने फक्त रुचिताला सांगितलंय. तेव्हा तुम्हीही, दिवेआगरला आलात तर, कृपा करून हा विषय काढू नका!